हमाइलची साक्ष

कोशाच्या कचेरीत मी रुजू झालो त्याच दिवशी साक्षीबाईंनी माझी सतरा कार्डं परत केली. मी सतराच लिहिली होती.

"यातला एकही शब्द तुम्ही ऐकलेला नाही," त्या म्हणाल्या. "सगळे वाचलेत."

"मग? वाचणं गुन्हा आहे का?"

"गुन्हा कुठला हो! पण वाचूनच कोश करायचा तर आपल्या दोघांना इथं कशाला बसवलंय? आधीचे चार कोश पुढ्यात घ्यायचे आणि उतरवून काढायचे. तेवढं तर खालचा यंत्रावरचा माणूसही करेल. आणि अक्षर तुमच्यापेक्षा बरं काढेल."

माझं डोकं जन्मापासून गरम. त्याच दुपारी राजीनामा द्यायचा असं मी ठरवलं होतं, पण कोरा कागद मागायला बाईंकडेच जावं लागणार होतं. म्हणून राहिलो, तो एकोणीस वर्षं राहिलो. आयुष्यात फार थोड्या माणसांपुढे मी मनापासून मान झुकवली आहे आणि त्यांत बाईंचा नंबर पहिला. हे त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, "साक्षीदार कोण?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्यावरूनच त्यांना साक्षीबाई हे नाव पडलं. मूळ नावानं हाक मारणारी एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे त्यांची आई. लग्न का नाही केलंत, असं एकदा कुणीतरी आगाऊपणानं विचारलं, तेव्हाही बाई सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या होत्या, "साक्षीदार मिळाले नाहीत."

आमचा कोश उर्दू शब्दांचा, अर्थ मराठीत, आणि क्रम देवनागरीचा. म्हणजे 'अ'पासून सुरू आणि 'ह'ला शेवट. कचेरी म्हणजे छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरची पेनं आपोआप कडेकडे सरकत आणि दर तासाला एखादं खाली पडे. भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि खणांत जाड पुठ्ठ्याची कार्डं. एका कार्डावर एक शब्द. त्याचं मूळ, लिंग, वचन, अर्थ, तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य, कुणाच्या तोंडून ऐकला, त्या माणसाचा धंदा काय, तारीख. आणि सगळ्यांत खाली बाईंनी स्वतः आखून घेतलेला रकाना: 'शब्द आधी कोणी उच्चारला?'

या रकान्यात सगळी मेख होती. समजा, तुम्ही सुताराकडे गेलात आणि विचारलंत, "याला तुम्ही अमुकअमुक म्हणता ना?" तर तो बिचारा हो म्हणणारच. पाहुण्याला नाही कशाला म्हणायचं? म्हणून शब्द आपण आधी काढायचा नाही. वस्तू दाखवायची, गप्पा मारायच्या, वाट बघायची. रकान्यात 'आम्ही' असं लिहावं लागलं तर कार्ड बाद. इतकं साधं, आणि इतकं छळणारं.

दुसरा नियम भिंतीवर टांगलेला होता, बाईंच्या टपोऱ्या अक्षरात: 'घरचा साक्षीदार चालणार नाही.' त्यालाही इतिहास होता. माझ्या आधी तिथं एक गृहस्थ होते. त्यांच्या महिन्याभराच्या कार्डांवर साक्षीदार एकच, त्यांचा मेव्हणा. लोहारकामाचे शब्द मेव्हण्याला येत, नावाड्यांचे येत, हकिमांचे येत, बाळंतपणाचेही येत. "तुमच्या मेव्हण्याला इतकं येतं तर त्यांनाच नोकरीवर घेऊ," असं बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पाटी लागली. कार्ड लिहिणाऱ्याच्या नात्यातला माणूस साक्षीला चालणार नाही. तीस वर्षं खपूनही ज्या शब्दाला जिवंत साक्षीदार मिळणार नाही, त्याच्यापुढे छापताना एक छोटी फुली पडे. फुली म्हणजे शब्द बोलण्यातून गेला, फक्त पुस्तकात उरला. बाई फुलीला फार भीत. कुणी जिवंत असताना त्याचं तेराव्याचं पान वाढू नये, असं त्या म्हणत.

बाईंची आई हार करणारी. सगळे तिला अम्मा म्हणत, मीही. बाजाराच्या तोंडाशी, एका जिन्याखालच्या कोनाड्यात अम्माचं दुकान होतं. दुकान कसलं, एक पाट, एक ओलं फडकं आणि दोऱ्याची रिळं. बाई त्या पाटाच्या कडेला बसून लहानाच्या मोठ्या झाल्या. फुलं ज्या रद्दी कागदांतून यायची त्यांवरच त्या वाचायला शिकल्या. कागद ओला, अक्षरं फुटलेली, अर्धी ओळ फाटलेली. पुढची अर्धी ओळ काय असेल याचा अंदाज करत बसायची सवय तिथलीच. कार्डांचे गठ्ठे त्या दोऱ्यानं बांधत ते हारवाल्यांच्या गाठीनं. ती गाठ आम्हांला कुणालाच सोडवता येत नसे. त्यामुळे बाईंच्या परवानगीशिवाय कार्ड बघणं आपोआपच बंद होतं.

अम्माची ख्याती होती ती आडव्या हारासाठी. गळ्यात घालायचा हार कुणालाही येतो, दोन्ही बाजू सारख्या झाल्या की झालं. आडवा हार एका खांद्यावरून निघून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत उतरतो. तो खांद्यावर चपटा हवा, नाहीतर मान वाकडी करून बसावं लागतं. कमरेशी जड हवा, नाहीतर सरकून गळ्यात येतो. पाठीमागची बाजू नुसत्या पानांची, म्हणजे खुर्चीला टेकलं तरी फुलं चिरडत नाहीत. नोकरीतून निवृत्त होणारे, दूर देशी निघालेले, शर्यत जिंकून आलेले, असे लोक तो घेऊन जात. अम्मा माणसाकडे एकदा बघे आणि मग माप न घेता करायला बसे. एका जाड्या मास्तरांनी, "माप नको का?" असं विचारलं तर म्हणाली होती, "तुमच्यापेक्षा दरवाजा रुंद आहे का, एवढंच बघितलं."

या आडव्या हाराला अम्मा हमाइल म्हणे, हे मला बाईंकडूनच कळलं.

शब्द अरबी. ह, म आणि ल ही तीन अक्षरं एकत्र आली की त्यांत वाहण्याचा, उचलून नेण्याचा अर्थ येतो. आपला हमाल त्याच घरातला. पोटातल्या गर्भाला उर्दूत हमल म्हणतात, तोही तिथलाच. तलवार अडकवायचा, खांद्यावरून आडवा जाणारा पट्टा म्हणजे हिमाला. त्याचं अनेकवचन हमाइल. उर्दूत येताना त्या शब्दानं दोन गोष्टी केल्या. अरबीतलं अनेकवचन इथं एकवचन होऊन बसलं आणि वर स्त्रीलिंगी झालं. पुढे पट्ट्यासारखी खांद्यावरून घातलेली फुलांची माळ, तीही हमाइल. तलवारी मोडीत निघाल्या, माळ राहिली. हे सगळं मला बाईंनी एका दुपारी, जेवणाच्या डब्याचं झाकण मांडीवर घेऊन सांगितलं होतं. सांगताना त्यांनी बोटानं स्वतःच्या खांद्यापासून कमरेपर्यंत रेघ ओढली. त्यांच्यासारख्या तोलूनमापून बोलणाऱ्या बाईचा चेहरा इतका उजळलेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

"मग कार्ड?" मी विचारलं.

"मी कसं लिहिणार? माझी आई आहे ती." त्या हसल्या. "घरात तर मी हा शब्द तोंडातून काढतसुद्धा नाही. ती हमाइल म्हणते, मी 'तुझा तो आडवा' म्हणते. उद्या कुणी म्हणायला नको की मुलीनंच आईला शिकवला. 'ह' येऊ दे. मग तुम्ही जा आणि ऐकून या."

"आत्ताच जातो की!"

"रांग मोडायची नाही. आपण 'त'वर आहोत."

ही त्यांची रीत. एका अक्षराचं काम चालू असताना दुसऱ्याला हात लावायचा नाही, नाहीतर कार्डांचा काला होतो. नियम चांगला होता आणि मलाही पटला. त्यानंतर 'ह' यायला अकरा वर्षं गेली.

त्या अकरा वर्षांत अम्माचं दुकान बंद झालं. लोक कापडाचे झगमगीत पट्टे तयार विकत घेऊ लागले. फुलांचा आडवा हार मागायला कुणी येईना. मग अम्माच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, जीभ मात्र शाबूत राहिली. बाई दिवसभर कचेरीत, म्हणून अम्माजवळ एक आया ठेवली. चाळिशीची, कमी बोलणारी बाई. आम्ही तिला आयाबाई म्हणत असू. ती सकाळी आठला येई आणि संध्याकाळी बाई घरी पोचल्या की निघे. चार वर्षं हे असं चाललं.

शेवटी 'ह' तोंडावर आला. एकतीस वर्षांच्या कामाचं शेवटचं अक्षर. कचेरीत सगळे लग्नघरासारखे हसतखेळत होते. आणि 'ह'ची कार्डं मांडायला घेणार त्याच्या पंधरा दिवस आधी अम्माला दुसरा झटका आला. या खेपेला शब्द गेले. तिला सगळं कळे, डोळे बोलत, पण तोंडातून 'हो', 'नाही', 'आण' आणि लेकीचं नाव, एवढंच बाहेर येई.

बाई चार दिवस रजेवर होत्या. पाचव्या दिवशी आल्या आणि गठ्ठा सोडून कामाला लागल्या. मी जवळ गेलो. त्याच म्हणाल्या, "पंधरा दिवस. फक्त पंधरा दिवस चुकले." मग पेन उचललं आणि 'सोहबत'चं कार्ड तपासायला घेतलं. त्या दिवशी मला त्यांची कीव आली आणि रागही आला. असल्या नियमाला घालायचंय काय चुलीत, असं मनात म्हणालो.

संपादकांना आम्ही मोठे साहेब म्हणत असू. माणूस वाईट नव्हता, पण बाईंनी एकतीस वर्षं त्यांना सळो की पळो केलं होतं. हमाइलची जागा आली तेव्हा खण रिकामा. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, साक्षीदार कोण?"

हे वाक्य त्यांच्यावरच उलटेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"जुन्या कोशांत आहे," साहेब म्हणाले. "तलवारीचा पट्टा, हार, सगळं आहे. पण जुने कोश एकमेकांवरून उतरवलेले, हे तुम्हीच सांगता. मूळ अनेकवचन आहे, तेव्हा अनेकवचनीच धरू, आणि पुढे फुली."

"अनेकवचनी नाही. 'हमाइल बनाई' असं म्हणतात. एकवचन, स्त्रीलिंग."

"कोण म्हणतं?"

"माझी आई म्हणायची."

साहेबांनी भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाई तरी कुणाला बोलणार? त्या उठल्या आणि म्हणाल्या, "पान छापायला कधी जाणार?"

"पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला, दुपारी बाराला."

"तोवर फुली पेन्सिलीनं ठेवा."

पुढचे चार आठवडे बाईंनी जे केलं ते साठीच्या बाईनं करू नये. रोज सुटी झाली की एकेक फुलबाजार. दुकानासमोर उभं राहायचं, खांद्यापासून कमरेपर्यंत बोटानं रेघ ओढायची आणि विचारायचं, "असं घालतात ते तुमच्याकडे मिळेल का? काय म्हणता त्याला?" कुणी म्हणालं आडवा हार, कुणी म्हणालं पट्टा. एकानं विचार करून सांगितलं, "मोटारीत बसल्यावर लावतात तो? तो आमच्याकडे नाही, पलीकडे गॅरेज आहे." बाईंनी त्याचेही आभार मानले. दुसऱ्या दिवशी हा किस्सा सांगताना त्या हसल्या, पण त्यांच्या चपला पार झिजल्या होत्या आणि पायांना सूज होती.

मी म्हणालो, "बाई, मी अम्माकडे जाऊन बसतो. माझी ती काही नात्यातली नाही. तुटक का होईना, एकदा शब्द बाहेर आला तरी पुरे."

"जा. पण शब्द तुम्ही आधी काढायचा नाही. आणि तिथं दुसरं कुणी तो सुचवेल असं करायचं नाही."

"कोण सुचवणार आहे?"

"तरी पण."

मग मी रोज दुपारी दोन तास अम्माच्या खाटेशी बसू लागलो. खोली लहान, पण आरशासारखी लख्ख. खिडकीत दोऱ्याची दोन रिळं. मी बरोबर फुलं नेत असे, शेवंती, गुलाब, हाताला लागेल ते. अम्माच्या डाव्या हातात दोरा देई आणि मी आपलं वेड्यावाकड्या गाठी मारत बसे. गाठ चुकली की अम्मा डोळे मिटून घेई. आयाबाई दारात येऊन उभी राहिली की मी म्हणे, "तुम्ही जरा बाहेर बसा." नियम म्हणजे नियम. ती मध्येच काही बोलली तर साक्ष बाटायची. ती जाई. आठ दिवस रोज मी तिला बाहेर घालवत होतो.

नवव्या दिवशी माझा हार कसाबसा पुरा झाला. मी तो उचलून अम्माच्या खांद्यावरून आडवा धरला. तिचे ओठ हलले. "ह... हं..." घसा ताणला, मानेच्या शिरा वर आल्या, शब्द येईना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याच्यानं ते बघवेना.

"हमाइल ना, अम्मा?" मी म्हणून गेलो.

तिचा चेहरा फुलला. "हमाइल," ती म्हणाली. स्वच्छ. पुन्हा एकदा, "हमाइल."

कचेरीत येऊन मी कार्ड लिहिलं. झोकात लिहिलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'साक्षीदारानं.' आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी वाचलं. अम्मानं शब्द उच्चारला, हे वाचून त्यांचा हात तोंडावर गेला. मग बोट हळूहळू खाली सरकत शेवटच्या रकान्यावर येऊन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"आधी कोण म्हणालं?"

मी टेबलाच्या कडेला आलेलं पेन उचलून मागे ठेवलं.

"ती म्हणाली, हे मला सांगितलंत ते फार चांगलं केलंत," बाई म्हणाल्या. "घरी गेल्यावर तिला विचारीन, आज कोण आलं होतं म्हणून. हसेल ती." आणि त्यांनी कार्ड उभं फाडलं.

"अहो बाई!" माझा तोल सुटला. "तुमची आई आहे ती! दोन अक्षरांचा फरक, कोण बघतंय? एकतीस वर्षं केलंत ते काय कमी झालं? एका रकान्यापायी स्वतःच्या आईच्या शब्दावर फुली मारणार?"

"लाखभर कार्डं आहेत या खणांत," त्या म्हणाल्या. "त्यांतलं प्रत्येक कुणाच्या तरी आईचं आहे. मी किती जणांची परत केली? तुमचीही केली. आता माझ्या आईचं आलं म्हणून रकाना बदलू? मग उरलेल्या लाखांवर कोण विश्वास ठेवील? आणि तिचा शब्द खोट्या कार्डानं छापला, तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

त्यांनी पेन्सिलीच्या फुलीवर शाईनं फुली काढली. एक रेघ जरा लांबली. मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. आज लाज वाटते, पण नाही बोललो.

बारा तारखेला सकाळी सातला निरोप आला की अम्मा गेली. पहाटे, झोपेतच.

मी पोचलो तेव्हा खोलीत सात-आठ शेजारी जमले होते. बाई उशाशी बसल्या होत्या, पाठ ताठ, डोळे कोरडे. लोक बोलत होते त्याला त्या मान हलवून उत्तर देत होत्या. आयाबाई दिसत नव्हती. कळलं की भल्या पहाटे निरोप मिळाल्याबरोबर ती आली, अम्माला बघितलं आणि लगेच बाहेर गेली, ती मागच्या दारानं परत येऊन स्वयंपाकघरात दार लोटून बसली आहे. रडत असेल, असं एकजण म्हणाली.

शेजारचे एक वयस्क गृहस्थ गुलाबांचा हार घेऊन आले. तो ते अम्माच्या गळ्यात घालायला वाकले, एवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. आयाबाई ओल्या फडक्यात काहीतरी दोन्ही हातांवर धरून उभी होती. चार वर्षांत तिचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"हार रहने दीजिए. अम्मा के लिए हमाइल बनाई है मैंने, वही पहनानी है."

गृहस्थ बाजूला झाले. तिनं फडकं उलगडलं. शेवंतीची हमाइल, खांद्यावर चपटी, कमरेशी जड, पाठीला नुसती पानं. तिला अम्मानं शिकवलं होतं. पहिल्या झटक्यानंतरची ती चार वर्षं, बाई कचेरीत असताना, लुळा हात मांडीवर ठेवून अम्मा तोंडानं सांगत असे आणि आयाबाईचे हात करत असत. आणि मी तिला आठ दिवस खोलीबाहेर बसवलं होतं!

मी बाईंकडे बघितलं. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. माझा दंड धरून त्यांनी मला खिडकीशी नेलं.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"आधी कोण म्हणालं? मी? तुम्ही?"

"कुणी नाही, बाई. तीच. सात-आठ लोकांसमोर."

"हमाइल बनाई. वही पहनानी है." बाई पुटपुटल्या. "लिंग आलं. वचनही आलं." मग त्यांचा चेहरा बदलला. "पण ती माझ्या घरची आहे. चार वर्षं तिनं माझ्या आईचं सगळं केलंय. माझ्यापेक्षा जास्त केलंय. तिला परकी म्हणू?"

"तुम्ही लिहूच नका," मी म्हणालो. "मी लिहितो. माझ्या घरची ती नाही. आणि बाई, या खेपेला मी खोटं लिहिणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की एकोणीस वर्षांची सगळी परत आलेली कार्डं मला त्या क्षणी भरून पावली. खिशात कोरं कार्ड असायचंच. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून मी लिहिलं. शब्द, लिंग, वचन, वाक्य जसंच्या तसं. धंदा: रुग्णसेवा. तारीख. शेवटच्या रकान्यात 'साक्षीदारानं' हे लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही.

कार्डाच्या मागे, साक्षीदार शब्द कुणाकडून शिकला ते लिहायची पद्धत आहे. बहुतेक वेळा ती बाजू कोरीच राहते, कारण कुणाला आठवतच नाही. बाई म्हणाल्या, "तिला विचारा. मी विचारायचं नाही."

एव्हाना दोघीतिघींनी मिळून अम्माला हमाइल घातली होती. ती चपखल बसली होती. आयाबाई पायाशी बसून फडकं पिळत होती. मी जवळ जाऊन विचारलं, "हा शब्द तुम्हाला कुणी शिकवला?"

तिला प्रश्न वेड्यासारखा वाटला असावा. तिनं अम्माकडे हात केला. "यांनी. आणखी कोण शिकवणार?"

मी पेन धरून बाईंकडे बघितलं. आईचं नाव लिहावं की नाही, मला धीर होईना.

"लिहा," बाई म्हणाल्या. "नाव नको. आपल्या पद्धतीनं लिहा. हार करणारी बाई. बाजाराच्या तोंडाशी दुकान. छप्पन्न वर्षं." आणि मग त्यांची ताठ पाठ वाकली. आयाबाईच्या खांद्यावर डोकं टेकून त्या मोठ्यानं रडल्या, लहान मुलीसारख्या, सगळ्यांसमोर.

मी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि छापखान्याकडे धावत सुटलो. पान बांधून यंत्राशी आलं होतं. साहेबांनी कार्ड पुढून वाचलं, मागून वाचलं, चष्मा काढला आणि खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला हाक मारली. त्यानं खिळे आवळलेला फर्मा सैल केला, लिंग-वचन सुधारलं आणि चिमट्यानं फुलीचा खिळा उचलला. पावणेबारा वाजले होते.